पानिपतचा जमाखर्च

भिवंडीच्या व्यापाऱ्याला पानिपत हे नाव इतिहासाच्या पुस्तकापेक्षा बाजारातून अधिक परिचयाचे आहे. ब्लँकेटे, चादरी, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा कातलेले सूत यांसाठी हरियाणातील हे शहर प्रसिद्ध आहे. मराठी भाषेत मात्र त्या नावाचा अर्थच पराभव असा झाला आहे. निवडणूक हरली वा धंदा बुडाला, की 'पानिपत झाले' असे सहज म्हटले जाते. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे जे घडले, त्याला अडीच शतके उलटून गेली. तरी एवढी किंमत मोजून ते युद्ध करावयास हवे होते काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या मते मनुष्यहानी वगळता या लढाईने काहीही निर्णायक ठरविले नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी मराठ्यांच्या भूमिकेची बाजू हिरिरीने मांडली. परकी आक्रमकाला हिंदुस्थानच्या राजकारणात जागा नाही, या तत्त्वासाठी ते लढले, असे त्यांचे प्रतिपादन. दोघेही अधिकारी अभ्यासक. परंतु या प्रश्नाची एक बाजू व्यापारी समाजाला इतरांपेक्षा लवकर उमगावी अशी आहे. पानिपतचे मूळ एका हमीपत्रात आहे.

१७५२ साली दिल्लीच्या बादशहाच्या वतीने वजीर सफदरजंग याने मराठ्यांशी करार केला. बादशाहीचे शत्रूंपासून रक्षण मराठ्यांनी करावे, त्याबद्दल ५० लाख रुपये द्यावेत आणि त्यांपैकी ३० लाख केवळ अब्दालीच्या बंदोबस्तासाठी असावेत, असे ठरले. त्याच सुमारास खुद्द बादशहाने पंजाब अब्दालीला देऊन टाकला होता. ज्याच्यासाठी हमी घ्यावयाची, त्याचीच नियत डळमळीत! अशा ऋणकोला कोणताही जाणता सावकार जामीन राहिला नसता. मराठे राहिले, आणि एकदा राहिल्यावर माघार घेणे त्यांना कमीपणाचे वाटले.

पुढे १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार आजही अभिमानाने वापरला जातो. त्या स्वारीचा हिशेब मात्र क्वचितच सांगितला जातो. दादासाहेब परतले ते खंडणी घेऊन नव्हे, तर सुमारे ८० लाखांचे कर्ज घेऊन. कारभार पाहणाऱ्या सदाशिवरावभाऊंनी त्यावर बोट ठेवले आणि घरातच वितुष्ट आले. उलाढाल वाढली म्हणजे नफा वाढला, असे मानणारी पेढी किती दिवस टिकते, हे वाचकांना सांगावयास नको.

१७६० च्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव करून सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मिळविणारे भाऊसाहेब उत्तरेस निघाले, तेव्हा तिकडील वसुलीतून मोहिमेचा खर्च भागेल असा अंदाज होता. तो अंदाज फसला. बुंदेलखंडातील मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पैशासाठी व धान्यासाठी तगादे लावले जात होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पंतांना फार दोष दिला, नंतरच्या काहींनी त्यांची अडचण समजून घेतली. डिसेंबरात पंतच मारले गेले आणि रसदेचा तो मार्गही बंद झाला. त्याआधी दिल्लीत दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडण्याची वेळ आली होती. भांडवल मोडून पगार वाटण्याचा हा प्रकार. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सैनिकांनीच भाऊंना विनविले.

पराभवाची वार्ता पेशव्यांना कळली, तीही एका सावकारी पत्रातून. नानासाहेब माळव्यात भिलशाजवळ असताना एका सावकाराचा जासूद त्यांच्या हाती लागला. दोन मोत्ये विरघळली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात होता. मोत्ये म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि चांदी-तांबे? ते शिपाई, बाजारबुणगे, आणि मोठ्या सैन्याच्या आश्रयाने तीर्थयात्रा घडेल म्हणून सोबत निघालेली बायका-माणसे. रणात आणि नंतरच्या कत्तलीत मिळून मृतांचे अंदाज साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंत जातात. पानिपतवर आजही वाद होतो तो मोत्यांचा आणि मोहरांचा. होळकर का निघून गेले, भाऊ हत्तीवरून का उतरले, याच्याच चर्चा रंगतात. चांदी-तांब्याचे खाते कोणी उघडतच नाही. एकेंद्रिय जीवाचीही यतना सांगणाऱ्या आपल्या परंपरेला तरी हे खाते सर्वांत आधी दिसावयास हवे.

शास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. आश्रितांच्या रक्षणासाठी करावा लागणारा प्रतिकार ही विरोधी हिंसा. श्रावकाला ती सर्वस्वी टाळता येत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची मूर्ती उभारणारे चामुंडराय स्वतः सेनापती होते. १७५७ मध्ये अब्दालीच्या फौजेने मथुरा-वृंदावनात केलेला संहार लक्षात घेता, त्याला अडविण्यास जाणे समर्थनीय होते. मात्र निःशस्त्र यात्रेकरूंना रणभूमीपर्यंत नेणे आणि उधारीच्या भरवशावर लाखभर तोंडे घेऊन शत्रूच्या मुलखात अडकणे, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने होत नाही. या लढाईला धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांनी इब्राहिमखान गारदी विसरू नये. तो मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला.

जमेच्या बाजूला काय? विजयी अब्दालीच्याच सैनिकांनी थकलेल्या पगारासाठी दिल्लीत बंड केले. त्याने पेशव्यांशी समेटाचे बोलणे लावले आणि मार्चमध्ये तो परत फिरला. दिल्लीचे राज्य त्याच्या हाती राहिले नाही. पंजाबात शिखांनी जम बसविला. तिकडे बंगालमध्ये इंग्रजांनी १७६५ साली दिवाणी मिळविली. दोन पेढ्या एकमेकींशी झुंजून खिळखिळ्या व्हाव्यात आणि गिऱ्हाईक तिसऱ्याने न्यावे, तसे झाले. या काळ्या पानावर एक नोंद मात्र उजळ आहे. मतभेदांमुळे भाऊंची साथ सोडून गेलेल्या भरतपूरच्या सूरजमल जाटाने पळून आलेल्या जखमींना आसरा, अन्न व वस्त्र दिले. ते कोणत्या बाजूचे होते, असे त्याने विचारले नाही.

२३ जून १७६१ रोजी नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. सोळा वर्षांच्या माधवरावांच्या वाट्याला गादीबरोबर कर्जही आले. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि पुढील वर्षाच्या आरंभी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात राजधानीत परतला. थेऊरला मृत्युशय्येवर असलेल्या माधवरावांच्या अखेरच्या इच्छांमध्ये सावकारांचे देणे फेडण्याची इच्छा होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परतल्या होत्या. पती गेल्याचे त्यांनी कधीच मान्य केले नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवतीच्याच वेशात राहिल्या.