पुडीतल्या काळ्या जिभा

लंडनच्या क्यू उद्यानातल्या कवकसंग्रहात सुमारे १२.५ लाख वाळवलेले नमुने आहेत. माइल्स बर्कली या धर्मोपदेशक कवकतज्ज्ञाने १८७९ साली स्वतःचा संग्रह क्यूला देऊन टाकला, आणि या भांडाराचा पाया पडला. ‘अर्थ टंग’ म्हणजे मातीतून जिभेसारख्या वर येणाऱ्या बुरशा इथे कागदी पुड्यांत असतात.

कुरणात ही बुरशी काळी, बोटभर उंच आणि शेंड्याला चपटी दिसते. पुडीत मात्र ती जळक्या काडीसारखी आखडलेली असते. नुसत्या नजरेने जाती ओळखू येत नाहीत. म्हणून तिचा बारीक काप भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. काळे, ताठ केस दिसले तर प्रजाती ट्रायकोग्लॉसम. नाही दिसले तर जिओग्लॉसम असण्याचा संभव. ट्रायकोग्लॉसम असेल तर मग लांबोडक्या बीजाणूंतले आडवे पडदे मोजायचे: बहुतेकांत १५ भरले तर हिर्सुटम, ७ भरले तर वॉल्टेरी. अमेरिकेत एलायस ड्युरँडने १९०८ साली उत्तर अमेरिकेतल्या या कुळावर प्रबंध लिहिला. त्याचे नमुने कॉर्नेल विद्यापीठात आहेत. मास गीस्टेरानस या डच अभ्यासकाने १९६५ साली भारत आणि शेजारच्या देशांतल्या जातींचा आढावा घेतला.

अभ्यास पुढे गेला की नाव बदलते. यातल्या एका गडद जांभळ्या जातीला १८व्या शतकात बाट्श या अभ्यासकाने क्लाव्हारिया म्हटले. पुढे तिला जिओग्लॉसम, थ्युमेनिडियम आणि मायक्रोग्लॉसम या प्रजातींत बसवले गेले. म्हणून जुन्या नोंदीतल्या नावावर विसंबून चालत नाही. पुडी जपलेली असेल तर नमुना पुन्हा तपासून नाव दुरुस्त करता येते. नुसत्या यादीत नाव असेल, तर तपासणार काय?

ब्रिटनमध्ये या बुरशा प्रामुख्याने वर्षानुवर्षे न नांगरलेल्या, खत न पडलेल्या कुरणांत उगवतात. त्यामुळे एखाद्या जागेची जुनी नोंद तिथले कुरण तेव्हा कसे होते याचा पुरावा ठरते, आणि आज कुठली कुरणे राखायची हे ठरवताना कामी येते. पण त्यासाठी पुडीवरच्या चिठ्ठीवर गाव, गवताचा प्रकार, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवकसंग्रहालाही हाच नियम लागू आहे. जुन्या पुडीतून आता कधीकधी डीएनएही मिळतो. त्यावरून जात कळेल. नमुना कुठल्या कुरणातला आणि कधीचा, ते चिठ्ठीवरच लिहिलेले असावे लागते.