खर्जाची पेटी : रचना व उपयोग

ऊसतोडीच्या हंगामांत बीड जिल्ह्यांतील एखाद्या सडकेच्या कडेस उभें राहिलें असतां, उसानें भरलेला ट्रॅक्टर नजरेस पडण्यापूर्वींच त्यावरील गाणें कानीं येतें. आणि गाण्याचे शब्द समजण्यापूर्वींच छातींत एक धडधड उमटते. ही धडधड ज्या पेटींतून निघते ती पुष्कळदां मोठ्या कारखान्यांतील नसते. बाजारांतून स्पीकर आणावा व गांवच्या सुताराकडून त्यास लांकडी पेटी करून घ्यावी, असा परिपाठ आहे. स्नेहसंमेलनांत, लग्नांत किंवा उपासनेच्या वेळीं बेस गिटार वाजविणारे कित्येक तरुणही अशीच घरची पेटी वापरतात. ती कशी करावी, आणि केल्यावर कशी वापरावी, ह्याविषयीं चार गोष्टी विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या असा आमचा हेतु आहे.

संगीतांतील खालच्या, गंभीर स्वरांस आपण खर्ज म्हणतों. तबल्याच्या जोडींत डग्ग्याचें जें काम, तेंच पाश्चात्य वाद्यवृंदांत बेस गिटारचें. इ. स. १९५१ मध्यें अमेरिकेंत लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें विजेवर चालणारी बेस गिटार विक्रीस आणिली आणि तिचा प्रसार जगभर झाला. तिची सर्वांत जाड तार दर सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. ह्या स्वराची हवेंतील एक लाट आठ मीटरांहून अधिक लांब असते. म्हणजे आपल्या एखाद्या वर्गाच्या खोलीहूनही लांब! एवढी लांब लाट हातभर रुंदीच्याही नसलेल्या कागदी पडद्यानें उत्पन्न करावयाची, हीच ह्या कामांतील खरी अडचण होय.

ती समजण्यासाठीं एक सोपा प्रयोग करून पहावा. जुन्या रेडिओंतील स्पीकर बाहेर काढून, तार तशीच जोडलेली ठेवून, तो उघडाच वाजवावा. आवाज पातळ व चिरका येतो. आतां एका मोठ्या पुठ्ठ्यास स्पीकरच्या तोंडाएवढें भोंक पाडून त्यामागें तो घट्ट धरावा. वीज वाढविली नाहीं, स्पीकर बदलला नाहीं, तरी आवाज एकदम भरदार होतो. असें कां व्हावें? स्पीकरचा पडदा पुढें सरकतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं पाठीमागची हवा विरळ होते. खर्जाची लाट लांब असल्यामुळें ती पडद्यास सहज वळसा घालते; मग पुढचा दाब व मागची विरळता एकत्र येऊन एकमेकांस नाहींशीं करतात. पुठ्ठ्यानें त्यांची वाट अडविली, एवढेंच. स्पीकरची पेटी म्हणजे हाच पुठ्ठा चारी बाजूंनीं दुमडून मागें बंद केलेला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिरजेच्या प्रसिद्ध तंबोऱ्याचा भोपळा आपण पाहतों, तेव्हां वाटतें कीं स्पीकरची पेटीही तशीच पातळ व निनादणारी असावी. आमचीही अशीच समजूत होती, आणि आमची पहिली पेटी आम्हीं हौसेनें पातळ फळ्यांची केली. परिणाम असा झाला कीं, कोणतीही तार छेडली तरी पेटी आपलाच एक सूर घुमवूं लागली व गाणाऱ्यांस आपला स्वर सांपडेना. भोपळा हा वाद्याचा अवयव आहे, त्यानें गावयाचें असतें. पेटी ही केवळ वाहक आहे, तिनें मुकें रहावयाचें असतें. ह्या एका भेदावर पेटीची सारी बांधणी अवलंबून आहे.

पेट्या मुख्यत्वें दोन प्रकारच्या असतात. पहिली सर्व बाजूंनीं बंद. तिच्यांत कोंडलेली हवा पडद्यामागें स्प्रिंगेसारखी काम करते. पेटी फार लहान झाली तर ही स्प्रिंग ताठ होऊन खालचे स्वर दुबळे होतात. दुसऱ्या प्रकारांत पेटीस एक नळी बसवितात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ठराविक सूर निघतो, हें सर्व मुलांस ठाऊक आहे. तोच नियम येथें लागू होतो. नळींतील हवा व पेटींतील हवा मिळून एका ठराविक खालच्या स्वरास साथ देतात, आणि मागची वाया जाणारी लाट उपयोगी पडते. नळी लांब केली तर हा स्वर उतरतो, आंखूड केली तर चढतो.

कोणत्या स्पीकरास केवढी पेटी, हें मात्र अंदाजानें ठरवूं नये. ऑस्ट्रेलियांतील अभियंते नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, व पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं १९७२-७३ च्या सुमारास, ह्याचें गणित सुव्यवस्थित मांडिलें. चांगल्या स्पीकरबरोबर येणाऱ्या पत्रकावर त्यांच्या नांवानें ओळखले जाणारे आंकडे छापलेले असतात. पडदा मोकळा असतां कोणत्या स्वरास डुलतो, त्याचा ताठपणा किती लिटर हवेच्या ताठपणाइतका आहे, आणि त्याचें डुलणें किती लवकर थांबतें, हें त्यांवरून कळतें. पत्रक नसेल तर बंद पेटीच करावी. तिच्यांत चूक झाली तरी ती सांभाळून घेते.

उदाहरणादाखल, १२ इंची स्पीकरच्या एका पेटीचीं आंतील मापें अशीं धरूं : उंची ५० सें. मी., रुंदी ४५ सें. मी., खोली ३६ सें. मी. गुणाकार केला असतां ८१ लिटर होतात. स्पीकर व आडव्या पट्ट्या यांची जागा वजा जातां सुमारें ७५ लिटर हवा उरते. हिला आंतून १० सें. मी. व्यासाची व सुमारें ८ सें. मी. लांबीची नळी बसविली, तर तिची साथ दर सेकंदास ४५ कंपनांच्या आसपास मिळते. ह्या स्वराच्या फार खालीं गेल्यास पडद्यास हवेचा आधार उरत नाहीं व तो फाटण्याचा संभव असतो, हें विसरूं नये.

प्लायवुड १८ मिलिमीटर जाडीचें घ्यावें. सांध्यांस भरपूर सरस लावून दर वीतभर अंतरावर स्क्रू आंवळावे. समोरासमोरच्या मोठ्या फळ्यांमध्यें एक आडवी पट्टी ठोकावी. मग बोटाच्या पेरानें फळी ठोकून पहावी. ढोलासारखा आवाज आला तर आणखी एक पट्टी हवी. आंतील भिंतींस कापसाचा थर लावावा. आपल्या कपाशीच्या मुलुखांत त्याची वाण नाहीं. नळीचें तोंड मात्र मोकळें ठेवावें. पेटी पुरी झाल्यावर खालचा स्वर वाजवीत सांध्यांजवळ उदबत्ती फिरवावी. धूर जेथें थरथरेल तेथें फट आहे असें समजून ती बुजवावी.

जोडणींतही दक्षता हवी. दोन स्पीकर असतील तर दोघांचीं धन टोकें एकत्र व ऋण टोकें एकत्र जोडावीं. एकाचीं उलट झालीं तर एक पडदा पुढें व दुसरा मागें जाऊन खर्ज पुन्हां नाहींसा होतो. दीड व्होल्टचा लहान सेल क्षणभर लावून पहावा. धन टोकास धन बाजू लागली असतां पडदा बाहेर सरकतो. ८ ओहमचे दोन स्पीकर शेजारीं शेजारीं जोडले म्हणजे ४ ओहम होतात. तेवढा भार ॲम्प्लिफायरास सोसतो काय, हें आधीं वाचावें. ॲम्प्लिफायर स्वतः उघडण्याचें धाडस मुलांनीं मुळींच करूं नये.

आतां उपयोगाविषयीं. पेटी भिंतीजवळ किंवा कोपऱ्यांत ठेवली तर खर्ज आपोआप वाढतो. हा फुकटचा लाभ आधीं घ्यावा. शक्ति वाढवून फार थोडें मिळतें. आवाज कानास दुप्पट वाटावा म्हणून सुमारें दहापट वीज खर्चावी लागते. म्हणून शंभराच्या जागीं दोनशें वॅट घेण्याची हौस धरण्यापेक्षां पेटी नीट करणें हें शहाणपणाचें होय.

आणि अति आवाजाची किंमत कान देतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत आठ तास सोसवतो असें मानितात; पुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. ह्या हिशेबानें १०० डेसिबलांस पाव तासच उरतो. कानाच्या आंतील सूक्ष्म केसयुक्त पेशी एकदां मेल्या कीं माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत. ट्रॅक्टरवर आसनामागेंच पेटी बांधून रात्रभर वाहन हांकणाऱ्या तरुणाच्या पालकांनीं हें त्यास अवश्य समजावून सांगावें. मागून येणाऱ्या गाडीचा कर्णाही त्यास ऐकूं येत नाहीं, हा धोका निराळाच. शिवाय खर्ज भिंतींस जुमानीत नाहीं. शेजारच्या घरांतील आजाऱ्यास तो गाढ झोपेंतून उठवितो. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे.

थोडें लांकूड, थोडें गणित व पुष्कळ धीर एवढ्या सामग्रीवर आपल्या गांवांतील मुलगा चांगली पेटी करूं शकतो. आम्हीं दुसरी पेटी जाड फळ्यांची केली. तिच्यांत आवाज पहिलीहून मोठा नव्हता. पण गाणाऱ्यांस आपला स्वर सांपडला. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या पेटीची परीक्षा ह्याच कसोटीवर करावी, अशी आमची इच्छा आहे.