नावात काय आहे? बरंच काही, बॉस!

भिवंडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? यंत्रमाग, गोदामं, ट्रकच्या रांगा. आणि ठाणे म्हटलं की? तलावपाळी, मॉल, फास्ट लोकल. बस्स, मार्केटिंगवाल्यांचा खेळ इथेच सुरू होतो! भिवंडी तालुक्यात अंजूर-माणकोलीच्या बाजूला लोढाने टाउनशिप उभारली आणि नाव ठेवलं ‘अप्पर ठाणे’. लोअर परळच्या टॉवरना ‘अप्पर वरळी’ म्हणायचा फंडाही हाच. जमीन तीच, गिऱ्हाइकाच्या मनातलं चित्र नवं. डोंबिवली म्हटलं की खचाखच लोकल आठवते, ‘पलावा सिटी’ म्हटलं की कोरं करकरीत शहर.

यात फसवणूक आहे? नुसत्या नावात नाही. पण वीस वर्षं हप्ता भरायचाय तो जागेचा, नावाचा नव्हे. ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ हे वाक्य रविवारी सकाळी खरं असेलही, सोमवारी शीळफाट्यावर अडकल्यावर काय?

म्हणून जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन कराच. महारेराने १ ऑगस्ट २०२३पासून तो सक्तीचा केलाय. प्रकल्पाचं खरं गाव, तालुका आणि पूर्ण व्हायची तारीख तिथे कळते. ब्रोशरही जपून ठेवा. रेरा कायदा २०१६च्या कलम १२नुसार, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. घर नको असेल तर व्याजासह पैसे परत.

आणि हो, साइट बघायला जाल ते सोमवारी, ऑफिस टायमिंगलाच!