हंडी किती जुनी?

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. ओतीव धातूचं हे बरं असतं. छताला टांगायच्या काचेच्या हंडीवर मात्र साल सहसा सापडत नाही. वसई-विरारकडचं एखादं कौलारू घर इमारतीसाठी पाडताना माळ्यावरून अशी हंडी निघाली, तर ती किती जुनी आणि किती किमतीची, हे भंगारवाला सांगतो, नाहीतर मुंबईतल्या चोरबाजारातला व्यापारी. दोघांनाही ती विकत घ्यायची असते, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

तीच हंडी विकायला ठेवली, की व्यापाऱ्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: बेल्जियम. तिथला व्हाल सां-लांबेरचा कारखाना १८२६चा आणि नामांकित, यात वाद नाही. पण आपल्याकडची हंड्या-झुंबरं बोहेमियातून आणि इंग्लंडमधूनही आली. १८०७ साली सुरू झालेल्या बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं तर कलकत्त्यात आपली शाखाच उघडली होती. पुढे देशी काचही आली: तळेगावचा पैसा फंडाचा कारखाना १९०८चा, तर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६चा. आणि आज फिरोजाबादेत जुन्या घाटाची काच नव्यानं फुंकली जाते, मुरादाबादेत तिला पितळी साज मिळतो. ‘बेल्जियम’ म्हटल्यानं यातलं काहीच कळत नाही, फक्त भाव चढतो.

जाणकार आधी काच पाहतच नाही. तो हात घालतो पितळेला. मूळ हंडीत आतल्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि तरंगती वात, नाहीतर मेणबत्ती असे. तीन साखळ्यांवर ती लटके आणि छत काळं होऊ नये म्हणून वर काचेचं झाकण असे. रॉकेलचे टांगते दिवे नंतरचे. १८५३ साली पोलंडच्या इग्नात्सी लुकासेविचनं रॉकेलचा दिवा पेटवला, त्याच्या आधीचे ते असूच शकत नाहीत. अशा दिव्यात वात वरखाली करायची चक्री सर्वांत बोलकी. तिच्यावर पुष्कळदा कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं. बर्मिंगहॅमच्याच हिंक्सचा दोन वातींचा डुप्लेक्स बर्नर १८६५चा. तो दिसला की दिवा त्याच्या पुढचा, निदान बर्नर तरी. कारण बर्नर एका दिव्याचा, गोळा दुसऱ्याचा आणि साखळी तिसऱ्याची, अशी लग्नं बाजारात रोज लागतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर तेवढा भाग १९३०च्या दशकाच्या अलीकडचा.

मग काच. पितळी कडं जिथे गोळ्याला धरून ठेवतं तिथे वर्षानुवर्षांच्या घासणीनं बारीक, वेड्यावाकड्या रेघा पडतात. सगळ्या रेघा एकाच दिशेच्या असल्या, की पॉलिशपेपरचा संशय घ्यावा. रंग काचेतच मुरलेला आहे की वरून फवारलेला, हे कडेच्या टवक्यापाशी सुई लावली की कळतं. फवारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. काचेतल्या बुडबुड्यांवर लोक फार विसंबतात. पण हातानं फुंकलेल्या नव्या काचेतही ते असतातच. हल्ली जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन हिंडणारे हौशी लोकही दिसतात. युरेनियमची काच तिच्यात हिरवी चमकते, पाहायला झकास. मात्र ही काच १८३०च्या दशकापासून बोहेमियात होती आणि आजही बनते, तेव्हा त्या चमकेवरून काचेत काय मिसळलंय ते समजतं, वय नाही.

भाव ठरतो तो मुख्यतः वस्तू अंगानं पुरी आहे की नाही यावर. वरचं धुराचं झाकण आधी फुटतं, म्हणून ते शाबूत असलेली हंडी अधिक मोलाची. कड्याखाली लपणारा टवका खपून जातो, उघड्या अंगावरचा तडा नाही. सारखी जोडी एकेकट्या दोन हंड्यांपेक्षा महाग जाते. सर्वांत मोठं नुकसान घरच्याच माणसांकडून होतं: बल्ब लावायचा म्हणून तेलाच्या टाकीला भोक पाडलं जातं. वायर बाहेरून नेऊन, काढता येईल असा होल्डर बसवला तर बल्बही लागतो आणि दिव्याचं मोलही टिकतं.

आणखी एक मुद्दा परदेशातल्या मुलांकडे हंडी पाठवू पाहणाऱ्या घरांसाठी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं ओलांडलेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. दीडशे वर्षांची म्हणून घेतलेली हंडी तिथे नेली, तर मालकाला बहुधा प्रथमच अशी आशा वाटते, की ती नवी निघावी.