लखलखता पडदा आणि मुलांना येणारी आकडी

टीव्हीवरची एखादी मालिका मुलांना आवडली की तिच्यावर चित्रपट निघतोच. जपानच्या ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेवरील पहिला साहसपट १८ जुलै १९९८ रोजी तेथे प्रदर्शित झाला आणि पिकाचूला मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी मुलांची झुंबड उडाली. मात्र त्याआधी सातच महिने याच मालिकेमुळे जपानमधील आईबापांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

काय घडले होते?

१६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळच्या भागात पिकाचू विजेच्या झटक्याने क्षेपणास्त्रे उडवतो, असे दृश्य होते. स्फोट दाखवताना पडद्यावर लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला. दृश्य काही सेकंदांचेच. पण त्यानंतर ६८५ जणांना रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती. कुणाला मळमळ, कुणाला डोकेदुखी, तर काहींना चक्क आकडी आली. यांतील अनेकांना पूर्वी कधीही आकडी आलेली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही.

असे का होते?

मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर काम करतात. काही मुलांच्या मेंदूतील दृष्टीचा भाग जात्याच जास्त संवेदनशील असतो. झपाट्याने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने तेथील असंख्य पेशी एकाच वेळी उत्तेजित होतात आणि आकडी येते. लाल रंगाचा लखलखाट अधिक त्रासदायक ठरतो. अपस्माराच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांना हा प्रकाशाचा त्रास असतो. शाळकरी व किशोरवयात तो जास्त आढळतो.

म्हणजे दोष कार्टूनचा नव्हे, लखलखाटाच्या वेगाचा आहे. म्हणूनच १९९८ मध्ये जपानी वाहिन्यांनी नियम केले: पडद्यावरची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त नसावी.

पालकांनी काय करावे?

• टीव्ही अंधारात पाहू देऊ नये. खोलीत दिवा असावा आणि मुलाने पडद्यापासून लांब बसावे.
• चित्रपटगृहात पुढच्या रांगा टाळाव्यात.
• जागरण झालेल्या किंवा उपाशी मुलाला पडद्यासमोर बसवू नये.
• लखलखाट सुरू झाल्यास एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवायला शिकवावे. नुसत्या मिटलेल्या पापण्यांतून प्रकाश आत जातोच.
• पडदा पाहताना मूल क्षणभर हरवल्यासारखे झाले, हात झटकले गेले, तर डॉक्टरांना दाखवावे. मेंदूचा आलेख काढून हा त्रास ओळखता येतो.

आकडी आलीच तर?

मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवण्याने काहीही साध्य होत नाही, उलट वेळ जातो. घड्याळाकडे लक्ष ठेवावे. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.