रोजनामा पाहिलास का?

2009च्या जुलैत यूजीसीने पीएच.डी.चे नवे नियम आणले, तेव्हा मी कायद्याच्या संशोधनाकडे नुकतीच वळले होते. प्रबंध विद्यापीठात देण्याआधी विभागात त्याचे खुले सादरीकरण करायचे, प्राध्यापकांनी आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांनी ते ऐकायचे, त्यांच्या सूचना मार्गदर्शकांच्या सल्ल्याने प्रबंधात घ्यायच्या, असे त्यात लिहिले होते. शिवाय एक शोधनिबंध छापून आलेला हवा. 2016च्या नियमांनी त्यात दोन परिषदांमधल्या पेपरवाचनाची भर घातली.

हेतू चांगलाच होता. पण चर्चासत्रे गावोगाव भरू लागली, तरी ऐकून घेणारे तेवढेच राहिले. उद्घाटन लांबायचे, दुपारी एकेकाच्या वाट्याला सात-आठ मिनिटे यायची. "विषय छान आहे," एवढे बोलून अध्यक्ष पुढचे नाव पुकारायचे. तालुक्याच्या गावाहून रात्रभर एसटीने आलेली मुलगी प्रमाणपत्र घेऊन परत जायची. तिच्या निबंधातली चूक तिला कोणीच दाखवलेली नसायची, याचे मला फार वाईट वाटायचे.

माझे नशीब बरे. माझा विषय होता कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005चा कायदा. कलम 12 सांगते की पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्यांनी करावा. तो वेळेत का निघत नाही, हे मी उच्च न्यायालयांच्या निकालांवरून मांडले होते. विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी निबंध आठ दिवस आधी मागून घेतला. सादरीकरणाला त्या आल्या तेव्हा त्यांच्या प्रतीचे समास पेन्सिलीने भरलेले होते. त्यांनी विचारले, "निकाल वाचलेस गं, पण रोजनामा पाहिलास का?"

नव्हता पाहिला. मग परवानगी काढून चार महिने खालच्या कोर्टातले रोजनामे, म्हणजे दर तारखेला काय झाले याच्या नोंदी, वाचत बसले. समन्सची बजावणी नाही. संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल आला नाही. साहेब रजेवर. पुढची तारीख. उशिराचे कारण निकालपत्रांत सापडणारच नव्हते, ते या दोन-दोन ओळींत पडून होते. तिसरे प्रकरण मी मुळापासून पुन्हा लिहिले.

नोव्हेंबर 2022च्या नियमांनी छापील निबंधाची आणि परिषदांची सक्ती काढून टाकली. मला ते योग्यच वाटले. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडणे आणि शेवटचे खुले सादरीकरण मात्र कायम आहे, म्हणजे खरी संधी अजून हातात आहे.

ज्येष्ठ प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे: समितीवर बसण्याआधी त्या मुलाचे प्रकरण मागवून घ्या, आणि पेन्सिल घेऊन वाचा.