टीव्ही सगळेच लावतात, वायर लपवणारा हवा असतो



मागच्या व्हिडिओत आपण बघितलं की नुसता माल विकून दुकान चालत नाही, मालाबरोबर सर्व्हिस विकावी लागते. त्यातलंच एक काम आज नीट लिहून देतोय, कारण व्हिडिओत सांगितलेली मापं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. काम आहे भिंतीवर टीव्ही लावून त्याच्या वायरी लपवण्याचं.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. मोठा टीव्ही घेणं थोडं सोपं झालं. कापसाचे, उसाचे पैसे हातात आले की माजलगावसारख्या ठिकाणीही लोक 43 किंवा 55 इंचीच विचारतात. टीव्ही येतो, ब्रॅकेट भिंतीला लागतं आणि खाली तीन वायरी लोंबकळत राहतात. नवीन घर, नवीन रंग आणि मधोमध काळ्या वायरी! ग्राहक तोंडावर काही बोलत नाही, पण पाहुणे आले की त्याला तेच दिसतं. तुमचं काम इथून सुरू होतं.

आधी माझी चूक ऐका

सुरुवातीच्या काळात एका घरी मी हे काम हौसेने केलं. भिंतीला झिरी मारली, टीव्हीची पॉवर कॉर्ड आणि एचडीएमआय वायर तशीच आत दाबली, वरून सिमेंट, पुट्टी, रंग. फोटो झकास आला. सगळा खर्च जाऊन आठशे रुपये सुटले होते. दोन वर्षांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर फोन आला, टीव्हीवर चित्र येत नाही. एचडीएमआय वायर गेली होती. ती बदलायची तर भिंत फोडल्याशिवाय मार्गच नव्हता. वायर, मजुरी, पुट्टी आणि रंगारी मिळून माझ्या खिशातून 3,400 रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे फोडलेल्या भिंतीत पॉवर कॉर्ड बघितली, तर एका ठिकाणी वरचं आवरण सोललेलं होतं. दाबताना माझ्याच थापीने लागलं असणार. त्या घरात लहान मुलं होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या दिवसापासून एकच नियम पाळतो: भिंतीत जे लपवायचं, ते भिंत न फोडता बाहेर काढता आलं पाहिजे. पुढचं सगळं या नियमावरच उभं आहे.

भिंतीत काय जातं, काय जात नाही

टीव्हीबरोबर येणारी पॉवर कॉर्ड उघड्यावर वापरण्यासाठी असते. ती भिंतीत पुरायची नाही. एक्स्टेंशन बोर्ड पीओपीच्या किंवा पॅनेलच्या आत कोंबायचा नाही. सैल प्लग तापतो आणि तापलेला कोणाला दिसतही नाही.

बरोबर पद्धत अशी: खालच्या बोर्डावरून नेहमीची आयएसआय वायर पाइपमधून वर न्या आणि टीव्हीच्या मागेच नवीन पॉइंट काढा. अर्थिंगसकट. मग पॉवर कॉर्ड टीव्हीमागच्या मागे संपते. या पॉइंटची जागा विचार करून ठरवा. बहुतेक एलईडी टीव्ही खालच्या अर्ध्यात जाड असतात आणि भिंतीला चिकटणाऱ्या ब्रॅकेटमध्ये एक-दीड इंचाचीच फट राहते. प्लग त्याहून जास्त पुढे येतो. म्हणून बॉक्स थोडा खोल बसवा आणि ब्रॅकेटच्या बाजूला, टीव्हीच्या वरच्या पातळ भागामागे घ्या.

एचडीएमआयसाठी वेगळा पाइप. 230 व्होल्टची वायर आणि सिग्नलची वायर एका पाइपात कधीच टाकायची नाही. 25 एमएमच्या पाइपात एचडीएमआयचं डोकं अडकतं. 32 एमएमचा पाइप सरळ, बेंड न देता टाकला तर ते आरामात जातं. आत नायलॉनची एक दोरी सोडून ठेवा. उद्या वायर बदलायची तर दोरीला बांधून ओढायची, दहा मिनिटांचं काम.

पाइप नेहमी सरळ उभा किंवा सरळ आडवा न्या, तिरका शॉर्टकट मारू नका. इंग्लंडच्या वायरिंग नियमांत हीच शिस्त आहे: भिंतीतली वायर दिसणाऱ्या बोर्डाच्या सरळ रेषेत असावी. म्हणजे उद्या कोणी फोटोसाठी खिळा ठोकला, तर वायर कुठे असेल याचा अंदाज येतो.

भिंत ओळखा, मग मशीन चालू करा

यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून भरपूर पोरं फसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती आतून पोकळ असतात, वर भोक पाडून वायर सोडली की खाली निघते. आपली भिंत भरीव असते. आपल्याकडे साधारण चार प्रकार भेटतात.

*नऊ इंची वीटभिंत:* सगळ्यात सोपी. भार घेणाऱ्या भिंतीसाठी भारतीय मानक आयएस 1905 सांगतं की उभी झिरी जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नको. म्हणजे उभी तीन इंच, आडवी दीड इंच. 32 एमएमचा पाइप म्हणजे सव्वा इंच, दोन्हीकडे बसतो.

*चार इंची भिंत:* त्याच हिशेबाने उभी झिरी साधारण सव्वा इंच, पण आडवी पाऊण इंचसुद्धा नाही. पार्टिशनवर भार नसला तरी हाच हिशेब पाळा, नाहीतर पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर निघून पडतं. इथे फक्त उभी झिरी. आडवं जायचंच असेल तर वरून पट्टी.

*जुनी दगड-मातीची भिंत:* गावातल्या माळवदाच्या घरात झिरी मारायला जाऊ नका. माती झडत राहते आणि ब्रॅकेटचा फास्टनरही धरत नाही. ग्राहकाला सरळ सांगा की टीव्ही स्टँडवर ठेवू आणि वायरी पट्टीतून नेऊ. एक काम कमी मिळेल, पण टीव्ही खाली पडल्याचा फोन येणार नाही.

*पुढे आलेला कॉलम:* हॉलमध्ये चार इंची भिंतीतून कॉलम पुढे आलेला असतो आणि घरमालकाला टीव्ही नेमका त्यावरच हवा असतो. इंग्लंडच्या जुन्या घरांत शेकोटीवरची चिमणीची भिंत अशीच पुढे आलेली असते आणि तिथेही लोक टीव्ही तिच्यावरच लावतात. तिथली अडचण उष्णता आणि धुराचा मार्ग, आपली अडचण सळई. कॉलममध्ये सळईवर साधारण 40 एमएम काँक्रीटचं कव्हर असतं. त्यात झिरी मारली की कव्हर गेलं, सळईला गंज लागणार आणि घराचा आधारच कमजोर होणार. कॉलमला फक्त ब्रॅकेटची भोकं. ड्रिल सळईला लागून अडलं तर जोर लावू नका, भोक सरकवा.

मग वायर कुठून न्यायची? बाजूने. 43 इंची टीव्ही साधारण साडेसदतीस इंच रुंद असतो, कॉलम नऊ-बारा इंचांचा. म्हणजे टीव्ही कॉलमच्या दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर येतो. शेजारच्या वीटभिंतीत, कॉलमच्या कोपऱ्यालगत उभा पाइप न्या आणि टीव्हीच्या आडोशाला बाहेर काढा. समोरून काहीही दिसत नाही आणि कॉलमला धक्काही नाही.

विजेचा कडकडाट विसरू नका

मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज पडणं नवीन नाही. सगळं इतकं लपवू नका की ग्राहकाला आभाळ आल्यावर काही काढताच येणार नाही. सेट टॉप बॉक्स खालीच ठेवा, म्हणजे डिशची वायर वर जातच नाही आणि हाताने लगेच काढता येते. टीव्हीमागच्या पॉइंटसाठी खाली हाताला येईल असा डबल पोल स्विच द्या. आभाळ आलं की, कडकडाट सुरू होण्याआधीच डिशची वायर काढायची आणि स्विच बंद करायचा, हे ग्राहकाला स्वतः करून दाखवा. बॉक्स कपाटात बंद करू नका, रिमोट चालणार नाही.

आता पैशाचं बोलू

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला.

- वरून पट्टी: सामान 250, घ्यायचे 700, उरले 450. वेळ एक तास. भिंतीच्या रंगाचा हात मारला की तीही नजरेत येत नाही. भाड्याच्या घरात हाच पर्याय.
- झिरी आणि पाइप: सामान आणि एचडीएमआय 900, वायरमन 600, पुट्टी-रंग 400, जाणं-येणं 100. खर्च 2,000, घ्यायचे 2,800, उरले 800. पण एक पूर्ण दिवस आणि पुट्टी वाळल्यावर दुसरी फेरी.
- प्लास्टरच्या आधी पाइप: पाइप आणि बॉक्स 200, घ्यायचे 600, उरले 400. वेळ अर्धा तास, धूळ नाही, रंगारी नाही.

तिसरी ओळ परत वाचा. कमाईचा आकडा सगळ्यात लहान आहे, पण तासाच्या हिशेबाने तीच सगळ्यात मोठी आहे. ग्राहकाचेही पैसे वाचतात. म्हणून ग्राहक टीव्हीच्या दुकानात यायची वाट बघू नका, बांधकाम चालू असलेल्या घरी जा. गवंड्याशी आणि वायरमनशी ओळख ठेवा. भिंती उभ्या राहिल्या आणि प्लास्टर बाकी आहे, तेव्हा घरमालकाला एकच प्रश्न विचारा: "भाऊ, टीव्ही कुठल्या भिंतीला लावणार?" बहुतेकांनी विचारच केलेला नसतो. आज पाइप टाकणारा माणूसच उद्या टीव्ही, ब्रॅकेट आणि साउंडबार विकतो.

काम घेण्याआधी आणि नंतर

आधी जाऊन भिंत ठोकून बघा. जाडी, कॉलम, जुना बोर्ड, उरलेला रंग आणि घर स्वतःचं की भाड्याचं, एवढं वहीत लिहा. बसल्यावर डोळ्याची उंची कुठे येते ते मोजा. टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा. घरात सतरंजीवर बसून बघत असतील तर टीव्ही आणखी खाली. फार वर लावला की महिन्याभरात मान दुखते.

पॉवरचं काम वायरमनचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. स्वतः शिकायचं असेल तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करा. तोवर ब्रॅकेट, सिग्नलचा पाइप आणि ग्राहक तुमचा, पॉवर त्याची. भागीदारीत कमीपणा नाही. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून टाका.

आणि शेवटची सवय. झिरी बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढा आणि ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. खाली लिहा, "पाइप इथून गेलाय, इथे खिळा ठोकू नका." फुकटातलं काम आहे. पण पाच वर्षांनी त्या घरात काही लागलं, तर तो फोटो शोधताना तुमचाच नंबर सापडतो.

तुमच्या गल्लीत आज किती घरांचं प्लास्टर बाकी आहे, मोजून या. पुढच्या व्हिडिओत त्या घरमालकाशी बोलायचं कसं, ते बघू.